जुन्या घरातील न्हाणीघराचे नूतनीकरण: टाइल निवडण्याआधी काय ठरवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या राजेंद्रनगरातील एका कुटुंबाचे दुमजली घर १९८८च्या सुमारास बांधलेले आहे. वरच्या मजल्यावर पाच फूट रुंद आणि सात फूट लांब असे न्हाणीघर असून त्यातच भारतीय पद्धतीचे शौचकूप आहे. खालच्या खोलीच्या छतावर गेल्या दोन पावसाळ्यांपासून ओल दिसते आणि रंगाचे पापुद्रे पडतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून कमोड हवा आहे. मुलांना छताखाली बसवायचा मोठा शॉवर आणि काचेचे पार्टिशन हवे आहे. टाइल पसंत करून झाल्या आहेत. एका ठेकेदाराने असे सुचवले आहे की जुन्या फरशीवर रसायनाचा थर देऊन त्यावरच नवी टाइल बसवावी, म्हणजे आठ दिवसांत काम उरकेल. हे करावे का, आणि दिवाळीपूर्वी काम पूर्ण होईल का, असे विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. टाइलवर टाइल बसवणे ही पद्धत मुळात चुकीची नाही, परंतु ती फक्त अशाच ठिकाणी वापरावी जिथे खाली गळती नाही, जुनी फरशी कुठेही पोकळ वाजत नाही आणि दाराच्या उंबऱ्यापाशी पुरेशी उंची शिल्लक आहे. आपल्या घरात पहिलीच अट मोडलेली आहे. ज्या पाइपांमधून किंवा सांध्यांमधून पाणी झिरपते आहे ते फरशीच्या खाली आहेत, आणि वरून दिलेला कोणताही थर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. नव्या टाइलखाली तीच गळती चालू राहील आणि दोन वर्षांनी नव्या टाइल फोडाव्या लागतील. म्हणून टाइलची पसंती काही काळ बाजूला ठेवून, जे भिंतीत आणि फरशीखाली कायमचे झाकले जाणार आहे त्याचे निर्णय आधी घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

फोडकाम सुरू करण्यापूर्वी गळती नेमकी कशाची आहे हे शोधले पाहिजे. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही, दोन-तीन दिवसांचा संयम लागतो. छतावरच्या टाकीतून न्हाणीघराकडे येणारा व्हॉल्व रात्री बंद करावा आणि खालच्या छतावरील ओलीची कडा पेन्सिलीने आखून ठेवावी. ओल दिवसरात्र सारखीच राहत असेल आणि व्हॉल्व बंद ठेवल्यावर हळूहळू ओसरत असेल, तर दोष पाणी आणणाऱ्या पाइपात आहे. अंघोळी झाल्यानंतर काही तासांनी ओल वाढत असेल, तर दोष निचऱ्याच्या पाइपात किंवा फरशीत आहे. या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीवरचे पाणी निचऱ्याच्या पाइपात सोडणाऱ्या जाळीखालच्या भांड्याचे, तोंड कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी चोवीस तास भरून ठेवावे. खाली ओल वाढली तर फरशी आणि तिच्या खालचा थर गळतो आहे. ओल वाढली नाही, पण नंतर बोळा काढून दोन-तीन बादल्या पाणी ट्रॅपमध्ये ओतल्यावर वाढली, तर ट्रॅप किंवा त्याचा बाहेरच्या उभ्या पाइपशी असलेला सांधा फुटला आहे असे समजावे. त्या काळच्या घरांत हा सांधा भिंतीच्या जाडीत असतो आणि बाहेरचा पाइप बिडाचा किंवा सिमेंटचा असतो. माझ्या अनुभवात सर्वाधिक गळती याच सांध्याची असते. आपल्या वर्णनात पावसाळ्याचा उल्लेख आहे, त्यामुळे आणखी एक शक्यता तपासावी लागेल. न्हाणीघराची बाहेरची भिंत पश्चिमेकडे असेल आणि तिच्या गिलाव्याला भेगा असतील, तर पावसाचे पाणी भिंतीतून उतरून त्याच छतावर येऊ शकते. तसे असेल तर न्हाणीघर कितीही चांगले केले तरी ओल जाणार नाही.

याच वेळी खालच्या छताचा पोपडा सुटलेला भाग हातोडीने हलकेच ठोकून पाहावा. आवाज पोकळ येत असेल किंवा सळई गंजून फुगलेली दिसत असेल, तर सिव्हिल इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलावून स्लॅबची दुरुस्ती आधी करून घ्यावी. गंजलेली सळई मूळ जाडीपेक्षा अधिक जागा व्यापते आणि तिच्या दाबाने खालचे काँक्रीट सुटते, त्यामुळे नुसत्या पुट्टीने तो भाग बुजवणे धोक्याचे आहे. ज्यांचे घर याहून जुने आहे, म्हणजे इंदूरच्या राजवाडा किंवा रामबाग भागातल्यासारखे लोखंडी गर्डरवर दगडी फरश्या टाकलेले आहे, त्यांनी वरच्या मजल्यावर नवे न्हाणीघर काढण्याचा विचार इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय करू नये.

आता वजनाचा विचार करू. १९८०-९०च्या दशकांतील बहुतेक घरांत न्हाणीघराचा स्लॅब शेजारच्या खोलीपेक्षा खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. पाच बाय सात फुटांच्या जागेत एक फूट खोलीचा भराव म्हणजे ३५ घनफूट, आणि वीट-चुना-सिमेंटच्या भरावाचे वजन सहज दीड टनाच्या पुढे जाते. वर्षानुवर्षे पाणी मुरून तो आणखी जड झालेला असतो. नव्याने भरताना मी हलक्या सिमेंट ठोकळ्यांचे, म्हणजे एएसी ब्लॉकचे तुकडे वापरण्याचा सल्ला देतो. त्यांचे वजन विटांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी असते. फोडलेला मलबा मात्र त्याच स्लॅबवर किंवा शेजारच्या खोलीत ढीग करून ठेवू देऊ नये, तो रोजच्या रोज खाली उतरवावा.

या संपूर्ण कामात सर्वांत जास्त दुर्लक्षित आणि सर्वांत जास्त त्रास देणारी बाब म्हणजे पातळी. न्हाणीघराची फरशी ट्रॅपकडे उतरती असली पाहिजे आणि हा उतार साधारणपणे ६० ते ८० इंचांना एक इंच इतका असावा. आपल्या न्हाणीघराची लांबी ८४ इंच आहे. ट्रॅप दाराच्या समोरच्या टोकाला असेल, तर दारापासून ट्रॅपपर्यंत एक ते दीड इंच उतार लागेल. म्हणजे ट्रॅपची जाळी ज्या उंचीवर बसेल त्यापेक्षा दारातली टाइल सव्वा इंच वर येईल, आणि बाहेरच्या खोलीची फरशी त्याहूनही किमान अर्धा इंच वर असली पाहिजे. हे गणित ट्रॅप बसवण्यापूर्वी करायचे असते, कारण ट्रॅप एकदा सिमेंटमध्ये पक्का झाला की पुढची प्रत्येक उंची त्याच्यावरून ठरते. मिस्त्री अनेकदा अंदाजाने ट्रॅप बसवतात, नंतर उतार पुरत नाही, मग दाराशी उंच उंबरा घालून वेळ निभावली जाते; आणि ज्यांच्यासाठी हे सगळे चालले आहे त्या गुडघेदुखीच्या व्यक्तीलाच तो उंबरा रोज ओलांडावा लागतो. म्हणून पाण्याच्या पारदर्शक नळीने बाहेरच्या फरशीची पातळी न्हाणीघराच्या चारही भिंतींवर रेघ मारून घ्यावी आणि प्रत्येक उंची त्या रेघेपासून मोजावी. ठेकेदाराने सुचवलेल्या पद्धतीत चिकटवणारा थर आणि टाइल मिळून पाऊण इंच उंची वाढली असती, म्हणजे दारातला उतरता टप्पा जवळजवळ संपला असता आणि पाणी खोलीत आले असते.

कागदावर नकाशा काढण्याचा कंटाळा करू नये. एका चौकटी कागदावर जमिनीचा नकाशा आणि चारही भिंतींचे स्वतंत्र चित्र काढावे, आणि त्यावर प्रत्येक नळ, तोटी, स्विच, आरसा, टॉवेलची दांडी आणि आधाराची दांडी यांची जमिनीपासूनची व कोपऱ्यापासूनची अंतरे लिहावीत. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार शौचकूप आणि स्नानाची जागा एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर क्षेत्र आणि १.२ मीटर रुंदी अपेक्षित आहे. आपली जागा सुमारे सव्वातीन चौरस मीटर आहे, म्हणजे पुरेशी आहे, पण सैल नाही. माझ्या मते दाराजवळ बेसिन, मध्ये कमोड आणि खिडकीच्या बाजूला अंघोळीची जागा हा क्रम ठेवावा, म्हणजे कमोडपर्यंत जाणाऱ्याला ओल्या फरशीवर पाय द्यावा लागत नाही. कमोडच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना किमान १५ इंच आणि समोर दोन फूट मोकळी जागा ठेवावी.

कमोड विकत घेतल्याशिवाय पाइपाचे काम सुरू करू नये. खाली जमिनीत मैला सोडणाऱ्या, म्हणजे एस ट्रॅपच्या कमोडला भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंत ९ इंच किंवा १२ इंच असे ठरावीक अंतर लागते, तर मागे भिंतीत सोडणाऱ्या पी ट्रॅपच्या कमोडला तयार फरशीपासून ठरावीक उंची लागते. हे अंतर टाइल लावलेल्या भिंतीपासून मोजायचे असते. विटेच्या भिंतीपासून मोजले तर गिलावा आणि टाइल यांचे मिळून दीड-दोन इंच कमी पडतात आणि कमोडची टाकी भिंतीला अडते. आपल्याकडे आज भारतीय शौचकूप आहे, त्याचा ट्रॅप भरावात खोल बसलेला असतो. तो तसाच ठेवून त्यावर कमोड जोडण्याची क्लृप्ती काही प्लंबर सुचवतात. ती नाकारावी, आणि बाहेरच्या उभ्या पाइपापर्यंतचा सारा भाग नव्या ११० मिलिमीटरच्या पाइपाने बदलून घ्यावा. भिंतीवर टांगणारे, टाकी भिंतीत लपवलेले कमोड दिसायला सुरेख असतात आणि खालची फरशी पुसायला सोपी पडते, परंतु त्यांना लोखंडी सांगाडा लागतो, भिंत पुढे येते आणि पाच फूट रुंदीत ती जागा महाग पडते. आपल्या घरी मी जमिनीवर बसणारा, टाकीसह एकसंध कमोड निवडेन.

पाणीपुरवठ्याचे जुने पाइप लोखंडी असणार. १९८८च्या घरात त्यांच्या आतल्या बाजूला गंज आणि क्षार जमून वाट अर्धीअधिक बुजलेली असते, त्यामुळे ते पूर्ण बदलावेत. अर्धे जुने व अर्धे नवे असा मेळ घालू नये. गरम आणि थंड दोन्हींसाठी सीपीव्हीसी हा प्लास्टिकचा पाइप योग्य आहे, कारण तो सुमारे ९३ अंशांपर्यंतचे पाणी सहन करतो. साधा यूपीव्हीसी फक्त थंड पाण्यासाठी असतो. दोन्हींचे चिकटद्रव्यही वेगळे असते आणि चुकीचे वापरल्यास सांधा आरंभी टिकतो, पण गरम पाणी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी सुटतो. जिथे नळ बसणार तिथे पितळी आट्यांचाच सांधा लावावा. सर्व पाइप भिंतीत बसल्यावर, गिलावा करण्यापूर्वी हातपंपाने दर चौरस सेंटीमीटरला दहा किलोचा दाब देऊन किमान दोन तास काटा हलत नाही हे स्वतः पाहावे, आणि प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी लावून छायाचित्र काढून ठेवावे. पुढे कोणी भिंतीत खिळा ठोकेल तेव्हा ही छायाचित्रे उपयोगी पडतील.

मोठ्या शॉवरविषयी मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून आधीच हिशेब मांडतो. नळाला येणारा दाब टाकीच्या उंचीवर अवलंबून असतो आणि दहा मीटर उंचीने सुमारे एक बार दाब मिळतो. आपल्या टाकीचा तळ गच्चीवर तीन फुटांच्या ओट्यावर आहे असे धरले आणि शॉवर फरशीपासून सात फुटांवर बसवला, तर टाकीचा तळ आणि शॉवर यांच्यातील अंतर सहा-सात फूट, म्हणजे सुमारे दोन मीटर भरते. यातून केवळ ०.२ बार दाब मिळेल. छताखालच्या रुंद शॉवरला साधारणपणे एक बारच्या आसपास दाब लागतो. इतक्या कमी दाबावर त्याच्या मधल्या काही छिद्रांतूनच पाणी ठिबकते. उपाय दोनच आहेत. एक म्हणजे टाकीतून स्वतंत्र जाड पाइप काढून गच्चीवर प्रेशर पंप बसवणे, आणि तो केवळ नव्या पाइपांवरच चालवणे, कारण जुने पाइप या दाबाने गळू लागतात. दुसरा उपाय म्हणजे हौस आवरून लहान तोंडाचा हातशॉवर लावणे. सासूबाईंना स्टुलावर बसून अंघोळ करायची असेल तर हातशॉवरच अधिक उपयोगी आहे. पंप निवडला तरी तो टाकीनंतरच जोडावा, महापालिकेच्या नळाला थेट कधीही जोडू नये.

पाण्याच्या गुणाचाही येथे विचार हवा. इंदूरला १९७८पासून नर्मदेचे पाणी जलूदहून येते, परंतु बहुतेक वस्त्यांत ते एक दिवसाआड मिळते आणि उरलेली गरज बोअरवेलवर भागवली जाते. माळव्याच्या काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. आपल्या बोअरचे पाणी एकदा तपासून घ्यावे. ते जड असेल तर काळ्या किंवा चकचकीत गडद रंगाच्या तोट्या घेऊ नयेत, कारण त्यांवर पांढरे डाग आठवड्यात उठतात. तोटीच्या टोकाची जाळी हाताने उघडता येणारी असावी. गरम-थंड पाणी मिसळणारा भिंतीतला डायव्हर्टर घेताना त्याचा आतला भाग वरून, टाइल न फोडता काढता येतो याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी. त्याच्या अंगावर किमान आणि कमाल खोलीच्या खुणा असतात. टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्येच आला पाहिजे.

आता वॉटरप्रूफिंगकडे येतो. कोबा हा पाणी अडवणारा थर नव्हे, तो भराव आहे; पाणी अडवायचे ते मूळ स्लॅबवर. सर्व भराव काढून स्लॅब स्वच्छ धुवावा, भेगा उघडून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भराव्यात, भिंत आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करावी, जिला आपल्याकडचे मिस्त्री गोला म्हणतात, आणि पाइप भिंतीतून जिथे बाहेर पडतो त्या भोवतीची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे पोकळी किंवा सांधे बुजवण्याच्या मसाल्याने, भरावी. त्यानंतर पॉलिमर-सिमेंटच्या लेपाचे दोन थर एकमेकांना आडवे द्यावेत आणि कोपऱ्यांत व पाइपांभोवती त्यात काचतंतूंची जाळी दाबावी. हा लेप सर्व भिंतींवर तयार फरशीच्या वर किमान एक फूट आणि अंघोळीच्या बाजूला शॉवरच्या उंचीपर्यंत न्यावा. दाराच्या चौकटीखालची पट्टी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी राहून जाते आणि शेजारच्या खोलीच्या भिंतीला तळाशी ओल येते ती तेथूनच. लेप उंबऱ्याखालून पलीकडच्या कडेपर्यंत गेला पाहिजे.

लेप सुकल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी ४८ तास भरून ठेवावे आणि भिंतीवर पातळीची खूण करावी. उष्ण दिवसांत बाष्पीभवनाने पातळी थोडी उतरतेच, म्हणून त्याच खोलीत पसरट भांड्यात पाणी भरून त्याचीही खूण करून ठेवावी. दोन्हीकडे घट सारखी असेल तर लेप निर्दोष आहे. ही परीक्षा दोनदा घ्यावी, एकदा स्लॅबवरच्या लेपानंतर आणि दुसऱ्यांदा भरावावरील वरच्या थरानंतर, टाइल बसण्यापूर्वी. ठेकेदार घाई करील, मिस्त्री दुसऱ्या कामाला निघून जाईल असे सांगेल, तरी या चार दिवसांत कोणतीही तडजोड करू नये. आपल्या घरातल्या गळतीचे खरे उत्तर याच टप्प्यावर मिळणार आहे.

विजेच्या बाबतीत नियम थोडे आहेत, पण ते जिवाशी संबंधित आहेत. पंधरा लिटरचा दोन किलोवॉटचा गीझर सुमारे पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो. त्याला वितरण पेटीपासून स्वतंत्र तार, किमान अडीच चौरस मिलिमीटरची आणि अंतर लांब असल्यास चार चौरस मिलिमीटरची, १६ अँपिअरचा सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी द्यावी. न्हाणीघराच्या सर्व विजेवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा आणि घराचे अर्थिंग एकदा मोजून घ्यावे, कारण जुन्या घरांत अर्थिंगची तार असते पण जमिनीतला तिचा भाग गंजून गेलेला असतो. गीझरचा स्विच बाहेर असावा. क्षमतेविषयी सांगायचे तर इंदूरच्या हिवाळ्यात टाकीचे पाणी १८ अंशांच्या आसपास असताना साठ अंशांपर्यंत तापलेले पंधरा लिटर पाणी मिसळून चाळीस अंशांचे सुमारे २८ लिटर पाणी मिळते. म्हणजे एका व्यक्तीला दीड बादली. लागोपाठ चार अंघोळी होत असतील तर पंचवीस लिटरचा गीझर घ्यावा. गॅस गीझर बंद न्हाणीघरात कोणत्याही परिस्थितीत बसवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो, माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो आणि अशा घटनांत मृत्यू झालेले आहेत.

सासूबाईंच्या सोयीचा विचार शेवटी करायची सजावट म्हणून न करता आराखड्यातच करावा. कमोडची बैठक नेहमीच्या सोळा इंचांऐवजी अठरा इंचांच्या आसपास असेल तर उठताना गुडघ्यांवर ताण कमी येतो. कमोडच्या बाजूला आणि अंघोळीच्या जागी आधाराच्या स्टेनलेस स्टीलच्या दांड्या हव्यात. माणसाचा पूर्ण भार पेलण्यासाठी त्यांचे बोल्ट भरीव विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेले पाहिजेत, म्हणून त्यांच्या जागा गिलाव्यापूर्वीच ठरवून तिथली भिंत भक्कम करून घ्यावी. टॉवेलच्या दांडीला धरून उठण्याची सवय लागू देऊ नये, ती निसटते. दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्यांच्याच अंगाला अडते. कडीही बाहेरून उघडता येईल अशी असावी. काचेच्या पार्टिशनबाबत माझे मत प्रतिकूल आहे. पाच फुटांच्या रुंदीत काचेचे दार आधार देणाऱ्या व्यक्तीला आत येऊ देत नाही, आणि जड पाण्याचे डाग काचेवरून रोज पुसावे लागतात. एक साधा पडदा आणि फरशीचा नीट उतार एवढ्यानेही कोरडी बाजू कोरडी राहते.

आता टाइल. जमिनीसाठी एक फूट बाय एक फूट मापाची, खरखरीत पृष्ठभागाची टाइल घ्यावी. मोठ्या टाइलने उतार नीट साधत नाही, लहान टाइलचे अधिक सांधे पायाला पकड देतात. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्क्याहून कमी पाणी शोषते, त्यामुळे सिमेंटचा गारा तिला नीट धरत नाही. आयएस १५४७७ या मानकाप्रमाणे प्रकार २ किंवा त्याहून वरचे टाइल अॅडहेसिव्ह वापरावे आणि ते पाठीवर पूर्ण पसरवावे, चार कोपऱ्यांत गोळे ठेवून नव्हे. मोजमाप असे निघते: चार भिंतींचा घेर २४ फूट, उंची सात फूट, म्हणजे १६८ चौरस फूट, दाराचे १७-१८ वजा केले तर सुमारे १५०, आणि कापण्यातले व फुटीचे दहा टक्के धरून १६५ चौरस फूट. जमिनीला ३५ अधिक चार. आपल्याकडे येणारा बहुतेक माल गुजरातमधील मोरबीचा असतो आणि एकाच नमुन्याच्या दोन खेपांत रंगछटा बदलते, म्हणून सर्व खोक्यांवरचा बॅच क्रमांक एकच आहे हे घरी माल उतरवतानाच तपासावे. आपण पसंत केलेल्या टाइल चकचकीत असतील तर त्या भिंतीवर खुशाल लावाव्यात, जमिनीवर नको. सांधे दोन-तीन मिलिमीटरचे ठेवून इपॉक्सी ग्राउट भरावे. ते महाग पडते, पण साबण आणि जड पाण्याने काळे पडत नाही.

हवा बाहेर काढणारा सहा इंची पंखा आणि दाराखाली अर्ध्या इंचाची फट एवढे पुरेसे आहे.

दिवाळीविषयी सांगायचे तर असे काम सरळ चालले तरी चार आठवडे घेते. फोडकाम आणि सुकणे, पाइप आणि त्यांची चाचणी, गिलावा आणि त्यावर आठवडाभर पाणी मारणे, लेप, दोन वेळा पाणी भरणे, टाइल, ग्राउट, फिटिंग. यातला सिमेंट आणि लेप पिकण्याचा वेळ पैशाने कमी करता येत नाही. अनंत चतुर्दशीपासून दिवाळीपर्यंत सुमारे दीड महिना मिळतो, तेवढ्यात हे बसते. मात्र पितृपक्षात नवे काम न काढण्याची घरातली रीत असेल तर नवरात्रापासून उरलेल्या चार आठवड्यांत घाई होईल, आणि घाईचा बळी वॉटरप्रूफिंगच जातो. अशा वेळी तुळशीच्या लग्नानंतर काम सुरू करावे आणि मधल्या काळात गळतीची परीक्षा, नकाशा आणि सियागंज बाजारातली खरेदी उरकून घ्यावी. खालचे शौचालय चालू असल्यामुळे तेवढी वाट पाहता येईल. मलबा रस्त्यावर टाकू नये, त्याबद्दल दंड होतो. महापालिकेची तो उचलण्याची स्वतंत्र व्यवस्था आहे.

ठेकेदाराशी करार करताना एकरकमी आकडा घेऊ नये. फोडकाम, पाइप, लेप, टाइल आणि फिटिंग यांचे वेगवेगळे दर लिहून घ्यावेत आणि पाइप, अॅडहेसिव्ह व लेप यांचे सामान शक्यतो स्वतः विकत आणावे. एकूण अंदाजाच्या पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवावी, कारण भराव उघडल्यावर खाली काय निघेल ते आज कोणालाच दिसत नाही. पैशांचे हप्ते दिवसांशी न जोडता टप्प्यांशी जोडावेत: पहिला मोठा हप्ता पाइपांची दाबचाचणी झाल्यावर, दुसरा पाणी भरण्याची दुसरी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, तिसरा टाइल पूर्ण झाल्यावर. शेवटचे दहा टक्के न्हाणीघर पंधरा दिवस रोज वापरून झाल्यावर द्यावेत. त्या पंधरा दिवसांत बेसिनखालचे आणि कमोडमागचे सांधे कोरड्या कागदाने पुसून पाहावेत, कमोड हलत नाही याची खात्री करावी, आणि फरशीवर बादलीभर पाणी ओतून ते कुठेही न साचता ट्रॅपकडे जाते का ते पाहावे.